'फकिरा' लिहिणारे अण्णा भाऊ : जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का पुसणारी लेखणी

जालना जिल्ह्यात १४ एप्रिलला निळे झेंडे लागतात आणि १ ऑगस्टला पिवळे. अंबड असो, घनसावंगी असो, मंठा असो की परतूर, बहुतेक गावांत हे चित्र सारखेच आहे. एका जयंतीची वर्गणी एका वस्तीत गोळा होते, दुसऱ्या जयंतीची दुसऱ्या वस्तीत. मधला रस्ता दहा पावलांचा असतो, पण मिरवणूक तो रस्ता क्वचितच ओलांडते. ज्या माणसाने आपली सर्वात मोठी कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, त्याची जयंती बौद्ध तरुणांनी परकी का समजावी, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. म्हणून लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचे जीवन आणि त्यांची 'फकिरा' ही कादंबरी आम्ही या लेखात नव्या पिढीसमोर ठेवत आहोत.

दीड दिवसाची शाळा

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालूबाई. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. जात मांग. म्हणजे गावाला दोर वळून द्यायचे, केरसुणी बांधून द्यायची, हलगी वाजवायची आणि राहायचे मात्र गावकुसाबाहेर. दिवाळीला लक्ष्मी म्हणून जिची पूजा होते ती केरसुणी बांधणाऱ्या हाताला त्याच घराच्या उंबऱ्यावर मज्जाव होता.

या मुलाच्या नशिबी शाळा आली ती जेमतेम दीड दिवस. गुरुजींचा मार आणि जातीची हेटाळणी यांमुळे त्याने शाळेकडे पाठ फिरवली, ती कायमची. पण शाळा सुटली म्हणून शिक्षण सुटले नाही. रानावनात हिंडताना, जत्रेत पोवाडे ऐकताना, घरातल्या मोठ्यांच्या तोंडून बंडखोरांच्या गोष्टी ऐकताना त्याचे कान आणि डोळे तयार होत होते. त्या गोष्टींतला एक बंडखोर त्याच्या नात्यातलाच होता. त्याचे नाव फकिरा.

वडील मुंबईत साहेब लोकांच्या बंगल्यांवर माळीकाम करत. गावाकडे दुष्काळ आणि उपासमार वाढली तेव्हा १९३१-३२ च्या सुमारास सगळे कुटुंब मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेगाव ते मुंबई हे तीनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर त्यांनी वाटेत मिळेल ते काम करत पायी कापले. आज आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आपण पाहतो. डोक्यावर संसार आणि कडेवर लेकरू घेऊन निघालेली ती माणसे पाहिली की अण्णा भाऊंच्या त्या प्रवासाची कल्पना येते.

मुंबईने त्यांना हमाल केले, फेरीवाल्याच्या गाठोड्याचा भार वाहायला लावला, गिरणीत राबवले. आणि मुंबईनेच त्यांना अक्षरे दिली. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत त्यांनी अक्षरओळख करून घेतली. पुढे माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कामगार चळवळीशी घट्ट नाते जुळले. संप, सभा, पत्रके, पोलिसांची लाठी हे सगळे पाहता पाहता तुकारामचे अण्णा भाऊ झाले.

गणपतीऐवजी कष्टकऱ्याला वंदन

अण्णा भाऊ कम्युनिस्ट पक्षात होते, हे लपवण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत जनतेने स्टालिनग्राड लढवले तेव्हा त्यांनी त्यावर पोवाडा रचला आणि तो गिरणगावात गाजला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. या तिघांनी महाराष्ट्र पायाखाली घातला. मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा त्याच कलेला अण्णा भाऊंनी लोकनाट्य म्हणून नव्याने उभे केले.

इथे एक गोष्ट आपल्या तरुणांनी नीट लक्षात घ्यावी. पारंपरिक तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने होते. अण्णा भाऊंनी ते स्तवन काढून टाकले. त्यांच्या लोकनाट्यात पहिले वंदन मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्ट करणाऱ्या माणसाला होऊ लागले. कृष्ण आणि गौळणींचा शृंगारही त्यांनी वगळला. बावीस प्रतिज्ञा १९५६ साली दिल्या गेल्या. त्याच्या कितीतरी आधी एका मांगाच्या पोराने रंगमंचावरून देवाला खाली उतरवून माणसाला वर बसवले होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घराघरात पोचली. गावात राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालेला मुंबईतला मजूर आणि मुंबईविना तुटलेला महाराष्ट्र, ही दोन्ही दुःखे त्यांनी एकाच रचनेत बांधली.

बाबासाहेबांशी असलेले त्यांचे नाते मात्र अनेकदा झाकले जाते. एकीकडे ते कम्युनिस्ट होते म्हणून आंबेडकरवाद्यांनी त्यांना दूर ठेवावे आणि दुसरीकडे ते मातंग होते म्हणून त्यांना एका जातीच्या चौकटीत बसवावे, असे दोन्ही बाजूंनी झाले. प्रत्यक्षात बाबासाहेबांनी घाव घालून जग बदलायला सांगितले, हा निरोप गाण्यातून खेड्यापाड्यांत नेणारे अण्णा भाऊच होते. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन त्यांनीच केले. पृथ्वी शेषाच्या फण्यावर उभी आहे ही पुराणातली कथा बाजूला सारून, ती दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर उभी आहे, असा विचार त्यांनी त्या व्यासपीठावरून मांडला. अण्णा भाऊंनी धम्मदीक्षा घेतली नाही. पण पुराणातला शेष नाकारून माणसाच्या श्रमाला आधार मानणारा हा विचार धम्माच्या वाटेवरचाच आहे, असे आम्हाला वाटते.

'फकिरा' : गुन्हेगार कोण?

१९५९ साली 'फकिरा' प्रसिद्ध झाली. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तीन वर्षे झाली होती. अण्णा भाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. प्रस्तावना वि. स. खांडेकरांनी लिहिली. १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि १९६३ साली तिच्यावर चित्रपटही आला.

या कादंबरीचे मोल कळण्यासाठी एक कायदा माहीत असायला हवा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादा माणूस गुन्हा केल्यामुळे नव्हे, तर एका विशिष्ट जातीत जन्मल्यामुळेच गुन्हेगार ठरतो, हे या कायद्याचे सूत्र. पुढे हा कायदा देशाच्या एकेका भागात पसरत गेला. मांग, रामोशी, पारधी, कैकाडी अशा कितीतरी समूहांवर हा शिक्का बसला. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, कुठे चोरी झाली की आधी यांच्याच घरांची झडती. इंग्रजांनी कायदा लिहिला, पण त्यातली कल्पना त्यांना इथे आयती सापडली. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याची पद्धत चातुर्वर्ण्याने आधीच रुजवली होती.

'फकिरा'त अण्णा भाऊंनी हा सगळा डाव आतून दाखवला. वाटेगावात जत्रा भरावी म्हणून फकिराचा बाप राणोजी शेजारच्या शिगावातून जोगणी घेऊन येतो आणि त्यात आपला जीव गमावतो. गावाच्या मानासाठी मांगाने मरायचे, हे गावाला चालते. तोच मांग पोटासाठी उभा राहिला की तो दरोडेखोर. कादंबरीतला हा विरोधाभास लेखक कुठेही भाषण करून सांगत नाही. तो घटनांमधूनच समोर येतो.

मग दुष्काळ येतो, रोगराई येते. मांगवाड्यात माणसे भुकेने मरू लागतात, तर दुसरीकडे धान्याची कोठारे भरलेली असतात. फकिरा आणि त्याचे साथीदार धान्य लुटून आणतात ते मरणाऱ्यांना जगवण्यासाठी. त्यानंतर सरकार त्यांच्यामागे लागते, हजेरीचा फास आवळला जातो. फकिरा बेडसगावचा सरकारी खजिना लुटतो. त्याला पकडता येत नाही तेव्हा सरकार त्याच्या माणसांना, बायकापोरांना कोंडते. आपल्या लोकांचा छळ थांबावा म्हणून फकिरा स्वतःहून हजर होतो आणि मरण पत्करतो.

ज्याला कायद्याने जन्मजात गुन्हेगार म्हटले, तो इतरांसाठी जीव देतो. आणि ज्यांच्या हातात कायदा आहे, ते लेकराबाळांना ओलीस धरतात. मग गुन्हेगार कोण? उत्तर वाचकाने द्यायचे आहे.

आणखी एक गोष्ट. शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी ही या कादंबरीतली माणुसकी जपणारी पात्रे आहेत. अण्णा भाऊंनी जात पाहून माणूस चांगला किंवा वाईट ठरवला नाही. जन्मावरून शिक्का मारण्याविरुद्ध लिहिणाऱ्याने दुसऱ्यावर जन्मावरून शिक्का मारायचा नसतो, ही त्यांची नैतिक ताकद होती. पण फकिराची लढाई त्यांनी पाटलाच्या किंवा कुलकर्ण्याच्या हाती दिली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. हे दोघे साथ देतात. लढतो मात्र फकिरा.

अमेरिकेतला टॉम आणि वाटेगावचा फकिरा

जगातल्या गाजलेल्या पुस्तकांशेजारी 'फकिरा' ठेवून पाहिली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १८५२ साली अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' आली. गुलामीविरुद्ध जनमत तयार करण्यात त्या कादंबरीचा मोठा वाटा होता. पण तिच्यातला टॉम सोसणारा आहे. मालकाचे फटके खातो, क्षमा करतो आणि मरतो. पुढे कृष्णवर्णीयांच्या चळवळीत टॉम हे नाव मान खाली घालणाऱ्यासाठी टोमण्यासारखे वापरले जाऊ लागले.

'फकिरा' आली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६० साली, अमेरिकेत हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आली. टॉम रॉबिन्सन नावाच्या कृष्णवर्णीय माणसावर गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा खोटा आरोप होतो. ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याची बाजू मांडतो, आरोप खोटा असल्याचे सगळ्यांना दिसते, तरीही गोरी ज्यूरी टॉमला दोषी ठरवते. शेवटी तुरुंगातून पळू पाहताना तो गोळ्यांना बळी पडतो. ही कादंबरी मोठी आहे, तिने लाखो वाचकांना न्यायाचा अर्थ शिकवला. १९६१ साली तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी इकडे 'फकिरा'चा गौरव झाला. पण ती गोष्ट आपण ऐकतो ती वकिलाच्या लहान मुलीच्या तोंडून. टॉमच्या घरात, त्याच्या बायकोच्या मनात, त्याच्या वस्तीत काय चालले आहे, ते आपल्याला दुरूनच दिसते.

'फकिरा'त तसे होत नाही. तिथे मांगवाडा स्वतः बोलतो. लेखक त्याच वस्तीत जन्मला, त्याच भुकेतून चालत मुंबईला आला. त्याच्या नायकाला वाचवायला कोणी वकील येत नाही.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे, हेही सांगायला हवे. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने दोन्ही जातींचे दुःख एकत्र लिहिले, वेगवेगळे नाही. १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या संयुक्त राष्ट्रांपुढील अर्जाची चौकशी केली. वर्ण आणि जात यांचे दुःख सख्खे आहे हे आपल्या महापुरुषांनी फार पूर्वी ओळखले होते. अण्णा भाऊ त्याच वाटेवरचे आहेत.

शेवटची वर्षे आणि मागे राहिलेला प्रश्न

१९६१ साली अण्णा भाऊ रशियाला गेले. त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी पुस्तकरूपाने लिहिले. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे, छक्कड असा त्यांचा पसारा आहे. 'वैजयंता', 'आवडी', 'चिखलातील कमळ', 'वारणेचा वाघ', 'अलगूज', 'माकडीचा माळ' या कादंबऱ्यांवरही चित्रपट निघाले. इतके होऊनही घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतले दारिद्र्य त्यांचा पाठलाग करत राहिले. त्यांच्या शब्दांवर चित्रपटवाल्यांनी आणि प्रकाशकांनी पैसा केला, लिहिणाऱ्याच्या घरात मात्र चूल पेटण्याची भ्रांत होती. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, ते गेले.

मरणानंतर सन्मान आले. २००२ साली टपाल तिकीट निघाले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. सन्मान झाले याचा आम्हाला आनंदच आहे. पण 'फकिरा'ने विचारलेला प्रश्न पुतळ्याने सुटत नाही. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला, आणि ज्या वर्षी 'फकिरा' प्रसिद्ध झाली त्याच १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा आला. नाव बदलले, संशय राहिला. गावात चोरी झाली की पहिला संशय कोणत्या पालावर, कोणत्या वस्तीवर जातो, हे आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मराठवाड्यातल्या तरुणाला तर आणखी एक नाव माहीत असलेच पाहिजे. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. त्या आगीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. आपल्या जाफराबाद तालुक्यातली टेंभुर्णी ती ही नव्हे. पोचीराम मातंग होते. जय भीम म्हणणे सोडले असते तर ते वाचले असते. त्यांनी सोडले नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, त्याच्या पायात मातंगाचेही रक्त आहे. फकिरा कादंबरीत आपल्या माणसांसाठी मेला. पोचीराम प्रत्यक्षात बाबासाहेबांच्या नावासाठी मेले. ज्यांना वाटते की मातंग समाज आणि बाबासाहेब यांचा संबंध नाही, त्यांनी हे नाव उच्चारून पाहावे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी, नेमक्या अण्णा भाऊंच्या जयंतीच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने निकाल दिला की राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल. त्यानंतर आपल्या जिल्ह्यातही व्हॉट्सॲपवर निळे विरुद्ध पिवळे अशी भांडणे सुरू झाली. उपवर्गीकरणावर मतभेद असू शकतात. ज्याला ते अन्यायाचे वाटते त्याने तसे मांडावे, ज्याला ते न्यायाचे वाटते त्यानेही मांडावे. दोघांनीही आकडेवारी घेऊन, संविधान हातात धरून बोलावे. पण एखादा समाज मागे का राहिला, याचे उत्तर त्याच्या आळसात किंवा स्वभावात शोधणारी भाषा आपल्या तोंडी येता कामा नये. ती भाषा १८७१ च्या कायद्याची आहे. जन्मावरून माणसाला खालचा ठरवणारी ती भाषा बाबासाहेबांनी जाळली आणि अण्णा भाऊंनी कादंबरीतून उलटवली. धम्म स्वीकारलेल्या माणसाला ती शोभत नाही.

म्हणून जालना जिल्ह्यातल्या आपल्या तरुण मंडळांना आमचे तीन सांगणे आहे. पहिले, यंदा १ ऑगस्टला विहारात 'फकिरा'चे सामूहिक वाचन ठेवा आणि मातंग वस्तीतल्या मुलामुलींना ऐकायला नव्हे, वाचायला बोलवा. दुसरे, १४ एप्रिलची मिरवणूक गावातल्या मातंग वस्तीतून जाऊ द्या, आणि १ ऑगस्टची मिरवणूक बुद्धविहारासमोर येईल तेव्हा पाणी आणि फुले घेऊन उभे राहा. तिसरे, मुक्ता साळवेंचा निबंध आणि 'फकिरा' ही दोन्ही विहाराच्या कपाटात असू द्या, बाबासाहेबांच्या खंडांशेजारी.

अण्णा भाऊंनी आपली कादंबरी ज्या लेखणीला अर्पण केली, त्या लेखणीचे वारस आपण म्हणवतो. मग त्या अर्पणपत्रिकेचा मान राखणे हेही आपल्याकडेच येते.

साहित्यरत्न लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांना विनम्र अभिवादन.

जय भीम! जय लहुजी! जय अण्णा भाऊ!